पावसाळा संपेपर्यंत भिंतीला हात लावू नका

मी मूळची लातूरची. शिकायला कोल्हापुरात आले, नोकरी इथेच लागली, लग्नही इथेच झालं. त्यामुळे जुलै उजाडला की गावाकडून फोन सुरू होतात: "पोरगी होस्टेलला येतीय, जरा लक्ष असू द्या." लक्ष ठेवते मी, पण प्रत्येकीला तेच तेच सांगून आता तोंड दुखायला लागलंय. म्हणून एकदाच लिहून टाकते.

मेस, केएमटी म्हणजे शहर बस, कॉलेजची वाट हे चार दिवसांत कळतं, ते सोडून देते. खोली सजवण्याचं मात्र नीट ऐका. घरून दिलेले पैसे आपल्या पोरी पहिल्याच आठवड्यात त्यात घालवून बसतात.

२०१६ साली आपल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. मिरज इथून तासाभराच्या वाटेवर. म्हणजे पाणी कुणाकडे आहे ते ओळखा. जून ते सप्टेंबर इथल्या भिंती ओल धरतात आणि तुम्ही राहायला येता नेमक्या त्याच दिवसांत. दसऱ्यापर्यंत भिंतीवर काही म्हणजे काही चिकटवायचं नाही. डबल टेप नाही, पोस्टर नाही, आणि ते विटांच्या डिझाइनचं वॉलपेपर तर अजिबात नाही. उदगीरच्या एका मुलीने हौसेनं पूर्ण भिंतभर ते लावलं. गणपतीच्या सुमारास मागून वास यायला लागला. कोपरा ओढून पाहिला तर रंगाचा पापुद्रा कागदाला चिकटून आला आणि खाली काळी बुरशी. अनामत रक्कम तर गेलीच, पुढचे दोन महिने कॉट खोलीच्या मधोमध ठेवून झोपायची वेळ आली. तिच्या खोलीतलं बघून शेजारच्या दोघींनीही तेच मागवलं होतं. आपल्या माणसांचं हे असंच: बाहेरगावी आलो की एकमेकींचंच ऐकायचं, इथल्या कुणाला विचारायचं नाही.

फोटो लावायचेच असतील तर खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत सुतळी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी अडकवा. कॉट भिंतीपासून वीतभर लांब. कपाटात तळाला वर्तमानपत्र आणि डांबरगोळ्या.

आता पैसे कशावर घालायचे? आधी उजेडावर. होस्टेलच्या पांढऱ्या ट्यूबखाली कुठलीही खोली दवाखान्यासारखीच दिसते. टेबलाजवळ पिवळसर उजेडाचा एक एलईडी बल्ब लावा, निम्मी सजावट तिथेच झाली. इलेक्ट्रिक कॉइल आणि इस्त्री मात्र रेक्टरच्या फेरीत हमखास जप्त होतात. लपवायच्या जागा त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतात.

मग पडदा. तो विकत घेऊच नका, आईची जुनी साडी आणा. साडी आडवी धरायची, म्हणजे तिचा पन्हा हीच पडद्याची उंची. होस्टेलच्या साधारण चार फुटी खिडकीला तो बरोबर बसतो. फॉल लावलेला काठ खाली ठेवा, त्याच्या वजनाने पडदा वाऱ्यावर फडफडत नाही. वरचा काठ दोन बोटं दुमडून धावदोरा घाला आणि त्यातून सुतळी किंवा पडद्याची स्प्रिंग ओवा. निम्म्या साडीत खिडकी भरपूर चुण्यांसह होते. उरलेली, पदराची बाजू, उघड्या रॅकपुढे सोडा, मागचा पसारा झाकला जातो. फक्त साडी सिंथेटिक हवी. आई प्रेमानं सुती देईल, पण सुती साडी ऑगस्टमध्ये इथे दमट ती दमटच राहते.

चादरी, उशांचे अभ्रे, पायपुसणी यांसाठी गांधीनगर, म्हणजे शहराजवळचा कापडाचा घाऊक बाजार. राजारामपुरीत त्याच चादरीला दुकानाच्या काचेचे पैसे पडतात. एकटीने जाऊ नका, चौघी मिळून जा, म्हणजे घाऊकच्या आसपास भाव पडतो. बादली, डबे, सुतळी, चिमटे लक्ष्मीपुरीत. दुकानदार मोठ्यानं बोलला तर बिचकू नका, तो भांडत नसतो, भाव सांगत असतो. घासाघीस थोडी चालते, पण "ताई, शेवटचं सांगितलं" म्हणाला की थांबायचं. बाहेरची पोरं या गावाला नवी नाहीत. शाहू महाराजांनी १९०१ सालापासून इथे विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगं सुरू केली आणि दसरा चौकाच्या बाजूला ती बोर्डिंगं आजही दिसतात. विद्यार्थ्याच्या खिशात किती असतं हे इथल्या बाजाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. उगाच गरिबी सांगायला जाऊ नका.

फरशी गार पडते, म्हणून खाली घोंगडं अंथरा. जाड, काळं, टोचणारं असतं, पण वर्षानुवर्षं टिकतं आणि प्लॅस्टिकच्या चटईपेक्षा दिसतंही झकास. कोल्हापुरी चपला मात्र पावसाळ्यात घेऊ नका. कॉटखाली ठेवलेल्या चामड्यावर पांढरी बुरशी चढते.

होस्टेलऐवजी नदीच्या बाजूला भाड्याने खोली बघत असाल, तर २०१९ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं हे मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारा.

टेबल, खुर्ची, पुस्तकांचा रॅक नवा घेण्याच्या भानगडीत पडू नका. वार्षिक परीक्षा संपली की शेवटच्या वर्षाच्या मुली सगळं मिळेल त्या पैशांत देऊन टाकतात. तोवर मेसच्या मावशींना सांगून ठेवा. कुणाची खोली कधी रिकामी होणार हे त्यांना रेक्टरच्या आधी कळतं. गादी तेवढी जुनी घेऊ नका, ढेकणं सोबत येतात.