मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे शोधावेत

मोठी पूर्ण संख्या समोर आली की तिचे विभाजक एकेक करून शोधत बसू नका. आधी मूळ अवयव पाडा. बाकीचे जवळजवळ सगळे त्यांतूनच निघते. उदाहरणासाठी ५५,९३,८९६ घेऊ.

सुरुवात सोप्या कसोट्यांनी करा. शेवटच्या तीन अंकांना, म्हणजे ८९६ ला, ८ ने निःशेष भाग जातो. म्हणून पूर्ण संख्येलाही जातो. भागून ६,९९,२३७ येते. ही विषम आहे, तेव्हा २ चे काम संपले. तिच्या अंकांची बेरीज ३६, म्हणून ९ ने भाग जातो आणि ७७,६९३ उरते. इथे बेरीज ३२, म्हणजे ३ सुद्धा संपला. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ बाद.

पुढची कसोटी प्रत्येकाला पाठ असावी असे मला मनापासून वाटते. ७ × ११ × १३ = १,००१. त्यामुळे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून ते आळीपाळीने अधिक-वजा केले, की या तिन्ही संख्यांची तपासणी एकदमच होते. ६९३ − ७७ = ६१६. याला ७ आणि ११ ने भाग जातो, १३ ने जात नाही. ७७,६९३ चेही तेच. ७७ ने भागल्यावर उरतात १,००९.

आता कुठे थांबायचे? ३२ चा वर्ग १,०२४. म्हणजे १,००९ चे दोन अवयव पडलेच, तर त्यांतला एक ३२ पेक्षा लहान असणार. ७ आणि ११ ने तिला पुन्हा भाग जात नाही. मग १७, १९, २३, २९ आणि ३१ ने भागून पाहा. बाकी अनुक्रमे ६, २, २०, २३, १७ उरते. म्हणून १,००९ मूळ संख्या आहे.

५५,९३,८९६ = २³ × ३² × ७ × ११ × १,००९

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ४ × ३ × २ × २ × २ = ९६. इतके तिचे विभाजक. त्यांची बेरीज १५ × १३ × ८ × १२ × १,०१० = १,८९,०७,२००; प्रत्येक मूळ अवयवाच्या १ पासूनच्या घातांची बेरीज (२ साठी १ + २ + ४ + ८ = १५) घेऊन हा गुणाकार केला आहे. ही बेरीज मूळच्या संख्येच्या दुपटीहून अधिक आहे, म्हणजे संख्या परिपूर्ण (विभाजकांची बेरीज बरोबर दुप्पट असणारी) नाही. सगळे घातांक सम नाहीत, म्हणून ती पूर्ण वर्गही नाही. २ × ७ × ११ × १,००९ ने गुणली तर होईल: ९,३२,३१६ चा वर्ग.

संख्या फार मोठी असेल तर वर्गमूळापर्यंत जाणे जड जाते. तिथे संख्येची घडण पाहावी. २³² + १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही मूळ संख्या असावी असे फ्रेंच गणिती फर्मा मानत होता. तिच्यासाठी ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. पण तिचा कोणताही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असतो. मग उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ आणि पुढचे. पाचव्यालाच भाग जातो: ६४१ × ६७,००,४१७. हा अवयव स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये दाखवला.