नेटवर्क स्विच दुरून कसा सांभाळावा

रात्री साडेअकराला मी पुण्यात घरी बसून चाकणच्या एका कारखान्यातल्या, कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या स्विचची अ‍ॅक्सेस लिस्ट (आत कुणाला घ्यायचं त्याची यादी) बदलत होतो. एक आकडा चुकला, एन्टर दाबलं आणि स्क्रीन गोठली. लॅचचं दार ओढून घ्यावं आणि किल्ली आतच राहावी, तसं झालं. एक ओळ पुसायला गाडी काढून तिथवर जावं लागलं. म्हणून पहिली मांडणी नेहमी स्विचसमोर बसून, कन्सोल केबल लावून करावी.

उदाहरणाला सिस्कोचा कॅटलिस्ट २९६० घेऊ. निळी चपटी केबल लॅपटॉपला जोडा, पुट्टी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सिरियल निवडा आणि वेग ९६०० ठेवा. मग ‘एनेबल’, ‘कॉन्फिगर टर्मिनल’. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.)

आता स्विचला पत्ता द्या, पण ऑफिसच्या सगळ्या कॉम्प्युटरांच्या गर्दीत नको. देखरेखीसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवरचं वेगळं आभासी नेटवर्क) करा, समजा ५०:

इंटरफेस व्हीलॅन ५०
आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.५०.१० २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन

बाहेर येऊन ‘आयपी डीफॉल्ट-गेटवे १९२.१६८.५०.१’ द्या. ही ओळ राहिली तर शेजारून पिंग (पोच तपासणारा संदेश) लागतो आणि दुसऱ्या नेटवर्कवरून लागत नाही. व्हीलॅन ५० आधी तयार केलेला हवा आणि त्यातलं निदान एक पोर्ट चालू हवं, नाहीतर हा इंटरफेस ‘डाउन’च दिसतो.

यानंतर दार, म्हणजे दुरून आत शिरायची पद्धत. जुनं टेलनेट वापरूच नका, त्यात पासवर्ड उघडा जातो. सांकेतिक रूपात बोलणारं एसएसएच वापरा. एसएसएचसाठी आधी ‘होस्टनेम’ आणि ‘आयपी डोमेन-नेम’ द्या, कारण त्यांच्याशिवाय स्विच किल्ली बनवत नाही. मग ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए मॉड्युलस २०४८’ आणि ‘आयपी एसएसएच व्हर्जन २’. ‘क्रिप्टो’ शब्दच स्विच ओळखत नसेल, तर त्यातल्या सॉफ्टवेअरच्या फाइलचं नाव बघा. त्यात ‘के९’ नसेल तर एसएसएच मिळणार नाही. ‘यूजरनेम’ बनवताना ‘पासवर्ड’ऐवजी ‘सीक्रेट’ वापरा.

आता ‘लाइन व्हीटीवाय ० १५’. पुष्कळ जण ‘० ४’ लिहून थांबतात. दूरच्या प्रवेशाच्या वाटा १६ आहेत. पाच बंदिस्त केल्या तरी उरलेल्या अकरांना तुमचे नियम लागत नाहीत. या ओळीखाली ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’, ‘लॉगिन लोकल’ आणि ‘एक्झेक-टाइमआउट १०’ द्या. शिवाय ‘अ‍ॅक्सेस-लिस्ट १० परमिट १९२.१६८.५०.० ०.०.०.२५५’ अशी यादी करून ती याच ओळीखाली ‘अ‍ॅक्सेस-क्लास १० इन’ने लावा. शेवटचा आकडा उलट्या मास्कचा आहे, वर पत्त्याला दिलेल्या २५५.२५५.२५५.०च्या उलट. त्या रात्री माझा घोळ इथेच झाला होता. यादीत जे बसत नाही ते सगळं नाकारलं जातं, तुम्हीसुद्धा.

पुढे कधी ही यादी दुरून बदलायची झाली, तर आधी ‘रीलोड इन १०’ द्या. बदल सेव्ह करायचे का, असं स्विच विचारेल तेव्हा ‘नो’ म्हणा. तुम्ही बाहेर अडकलात तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या मांडणीवर येतो. सगळं नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’ विसरू नका, नाहीतर चालत्या कामात सगळ्यांचं नेट जाईल आणि फोन तुम्हालाच येतील.

देखरेखीसाठी एसएनएमपी आहे, म्हणजे स्विचची स्थिती दुरून वाचायची ठरलेली पद्धत. त्यातही थेट तिसरी आवृत्ती घ्या. ‘पब्लिक’ हे जुन्या आवृत्त्यांचं परवलीचं नाव सगळ्या जगाला ठाऊक आहे, आणि तिथे ते उघडंच प्रवास करतं. ‘एसएनएमपी-सर्व्हर ग्रुप’ने ‘व्ही३ प्रिव्ह’ प्रकारचा गट करा. मग ‘एसएनएमपी-सर्व्हर यूजर’ने त्यात एक वापरकर्ता घाला, ओळखीसाठी एसएचए आणि गुप्ततेसाठी एईएस १२८ निवडून. लिहिण्याचा हक्क देऊ नका, झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएससारख्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरला फक्त वाचायचं असतं. हा वापरकर्ता ‘शो रनिंग-कॉन्फिग’मध्ये दिसत नाही. घाबरून पुन्हा बनवू नका, ‘शो एसएनएमपी यूजर’ने बघा.

आलेख काढताना पोर्टमधून किती डेटा गेला ते मोजणारे ६४ बिटांचे काउंटर निवडा. १ गिगाबिटचं पोर्ट भरून वाहत असेल तर ३२ बिटांचा काउंटर सुमारे ३४ सेकंदांत पूर्ण फिरून शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी वाचन घेतलं, तर तो आलेख शोभेपुरताच.

‘एनटीपी सर्व्हर’ने घड्याळ लावा आणि ‘लॉगिंग होस्ट’ने नोंदी बाहेरच्या मशीनवर पाठवा.

‘राइट मेमरी’ने मांडणी कायमची सेव्ह करण्याआधी कन्सोल केबल तशीच ठेवून दोनदा तपासा. व्हीलॅन ५०मधल्या मशीनवरून एसएसएच लागला पाहिजे आणि हिशेब विभागातल्या एखाद्या पीसीवरून नाकारला गेला पाहिजे. दोन्हीकडून लागत असेल, तर ‘अ‍ॅक्सेस-क्लास’ची ओळ राहिली आहे.