कॉमिकचे रंगकाम : अभिप्राय कसा मागावा आणि कसा वापरावा

रंगवलेले पान दाखवताना ‘कसे वाटले?’ असे विचारू नये. ‘पहिली नजर कुठे गेली?’ असे विचारावे, कारण गोष्ट सहज वाचता यावी हेच रंगकामाचे पहिले प्रयोजन आहे. उत्तरात नायिकेच्या चेहऱ्याऐवजी मागची केशरी भिंत आली, तर पान करड्या छटांत बदलून पाहावे. चेहरा आणि भिंत सारखीच उजळ दिसत असेल, तर नुसता रंग बदलून भागत नाही, भिंत गडद करून तिचा भडकपणाही उतरवावा लागतो. शाईकाम करणाऱ्याचे, म्हणजे पेन्सिलीच्या चित्रावर शाईने रेघा ओढणाऱ्याचे, मत मी सर्वांत मोलाचे मानतो, कारण आपल्या छटांमध्ये त्याची रेघ कुठे बुजली, हे त्याला लगेच दिसते. छपाईविषयीची हरकत मात्र पडद्यावर पारखू नये. सीएमवायके, म्हणजे निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांच्या, छपाईत झगझगीत निळा-हिरवा मंदावतो, म्हणून एक नमुना छापून घ्यावा.