जुनी पियानो रेकॉर्डिंग ऐकताना या चुका टाळा

पियानोवादक आल्फ्रेड कोर्तोने 1933-34मध्ये ध्वनिमुद्रित केलेले शोपाँचे प्रिल्यूड (चोवीस छोट्या पियानो रचना) पहिल्यांदा लावले की तक्रारी ठरलेल्या असतात: खरखर आहे, सूर चुकतात, दोन हात एकत्र पडत नाहीत. यातली खरखर तबकडीची. चुकलेले सूर खरोखर कोर्तोचे. आणि हात मागेपुढे पडणं ही त्याच्या पिढीची वाजवण्याची रीत. या तिन्ही गोष्टी वेगळ्या न करता मत बनवलं की एक तर थोर वादकाला नावं ठेवली जातात, नाहीतर तबकडीच्या दोषालाच ‘जुन्या काळची जादू’ म्हणून दाद दिली जाते.

आधी अॅपची सेटिंग

क्रॉसफेड (एका ट्रॅकच्या शेवटावर पुढचा चढवणं) शून्यावर आणा, गॅपलेस (ट्रॅकमध्ये खंड न पडू देणं) चालू ठेवा, शफल बंद करा. शोपाँचा सातवा प्रिल्यूड 16 बारचा, मिनिटभराचाही नाही. 12 सेकंदांचा क्रॉसफेड असेल तर त्याच्या शेवटच्या शांत कॉर्डवर आठव्याचा गोंधळ येऊन आदळतो. शफलने तर चोवीस स्वरपट्ट्यांचा क्रमच मोडतो. प्रत्येक मेजरनंतर त्याचा जोडीदार मायनर येतो, ही या संचाची मूळ रचना आहे.

‘नॉर्मलाइज व्हॉल्युम’ हाही छुपा चोर. काही अॅप प्रत्येक ट्रॅकचा आवाज स्वतंत्र मोजतात आणि हलका तुकडा उचलून मोठ्याच्या पातळीला नेतात. मग वादकाने मुद्दाम हलक्या आवाजात वाजवलेलं सगळं भलतंच मोठं ऐकू येतं. हे बटण बंद करा. सर्वांत मोठ्या आवाजाच्या तुकड्यावर एकदा व्हॉल्युम लावा आणि पुन्हा हात लावू नका.

छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर डावा हात अर्धा गायब असतो. पियानोचा सर्वांत खालचा सूर 27.5 हर्ट्झचा. असे स्पीकर 80-100 हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाहीत. शोपाँच्या ओपस 53च्या (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) पोलोनेझमध्ये मधल्या भागात डाव्या हाताच्या सप्तकांची जी दौड आहे, ती अशा स्पीकरवर नुसती टकटक होते. त्यापेक्षा साधे वायरवाले हेडफोन बरे.

साल न बघता ऐकणं

कव्हरवर छापलेलं साल बहुतेकदा रीमास्टरचं किंवा पुनर्प्रकाशनाचं असतं. आर्टुर रुबिनस्टाइनच्या शोपाँच्या नॉक्टर्नचे तीन संच आहेत: 1936-37, 1949-50 आणि 1960च्या दशकातला स्टिरिओ. पहिल्या संचातला रुबिनस्टाइन जास्त मोकळा आणि चपळ, शेवटचा ठाय आणि स्वच्छ. पियानोवादक होरोविट्झने संगीतकार लिस्टचा बी मायनर सोनाटा 1932ला वाजवला आणि पुन्हा 1977ला. म्हणून शोधताना वादक, ओपस क्रमांक आणि साल हे तिन्ही टाका. लिस्टच्या बाबतीत ओपसऐवजी त्याच्या रचनांच्या सूचीतला एस क्रमांक टाका. हा सोनाटा एस 178. रचनांच्या टोपणनावांवर विसंबू नका.

दिनू लिपाट्टीच्या शोपाँ वॉल्ट्झच्या बाबतीत ‘एक ट्रॅक कमी आहे’ ही तक्रार येते. जुलै 1950च्या स्टुडिओ संचात 14 वॉल्ट्झ आहेत. 16 सप्टेंबर 1950च्या फ्रान्समधल्या बेझाँसाँच्या मैफलीत 13च आहेत. आजाराने तो इतका थकला होता की शेवटचा वॉल्ट्झ वाजवूच शकला नाही, आणि डिसेंबरात गेला. फाइल पूर्णच आहे.

आणखी एक फसवणूक: साल 1920च्या आसपासचं आणि आवाज मात्र एकदम स्वच्छ. हा बहुधा पियानो रोल असतो, म्हणजे भोकं पाडलेला कागद आजच्या पियानोवर चालवून केलेलं ध्वनिमुद्रण. संगीतकार-पियानोवादक राखमानिनोवचे रोलही आहेत आणि तबकड्याही. त्याचा खरा ठसा तबकडीवर ऐका. रोलचा वेग आणि सुरांचं वजन चालवणाऱ्या यंत्रावर आणि माणसावर अवलंबून असतं.

सूर चढलेला किंवा डुलणारा

हा दोष सर्वांत कमी ओळखला जातो. 78च्या तबकड्या मिनिटाला नेमक्या 78 फेऱ्यांनीच मुद्रित होत असत असं नाही. वेग 6 टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने चढतो, लयही तेवढीच वाढते, आणि ऐकणारा म्हणतो, काय तयारी आहे! तपासायची रीत सोपी आहे. शोपाँच्या ओपस 9 क्रमांक 2च्या नॉक्टर्नची पट्टी ई-फ्लॅट, आपल्या पेटीवरची काळी दोन. फोनवर ट्यूनर अॅप उघडा आणि शेवटची कॉर्ड लावून पाहा. मधल्या सप्तकातला षड्ज 311 हर्ट्झच्या आसपास हवा. तो 330 दाखवत असेल तर तुकडा पांढरी तीनला चाललाय, म्हणजे हस्तांतर, तबकडीवरून नवी फाइल करणं, चुकलंय. 20 सेंटपर्यंतचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) फरक सोडून द्या. तेव्हाचे पियानोही थोडे वरखाली लावलेले असत.

डुलणं ओळखायला आपला कान पुरेसा तयार असतो. पियानोवर सूर एकदा वाजला की त्याला ना मींड देता येते ना आंदोलन. लांबलेला सूर हलत असेल तर तो वादकाचा भाव नव्हे, तबकडीचं भोक मध्यावर नाही. 78ची तबकडी सेकंदाला 1.3 फेऱ्या घेते. सूर त्याच ठेक्याने डुलत असेल तर निदान पक्कं. दुसऱ्या कंपनीचं हस्तांतर शोधा. वेगळ्या प्रतीवरून केलं असेल तर दोष जातो.

घरात 78च्या तबकड्या असतील तर त्या एलपीच्या सुईने वाजवू नका. 78ला साधारण 75 मायक्रॉनची सुई लागते, एलपीची 18 ते 25ची. बारीक सुई खाचेच्या तळाशी, जिथे मळ साचतो तिथेच घासत जाते. अॅम्प्लिफायरला मोनो बटण असेल तर ते दाबा, खरखर लगेच कमी होते.

खरखर पुसण्याचा हव्यास

इक्वलायझरवर वरचा भाग कापला की खरखर जाते, पण हातोडी तारेवर पडतानाचा चटका पण जातो आणि पियानो गोधडीखाली ठेवल्यासारखा वाजतो. थोडी खरखर असलेलं हस्तांतर निवडा. दोनतीन मिनिटांत कान ती बाजूला सारतो. सुरुवात 1925नंतरच्या, मायक्रोफोनवर केलेल्या रेकॉर्डिंगपासून करा. त्याआधीची कर्ण्यातून केलेली रेकॉर्डिंग नवख्याला नाउमेद करतात.

हे वादकाने जाणूनबुजून केलंय

राखमानिनोवने 1930ला वाजवलेल्या शोपाँच्या ओपस 35 सोनाटामध्ये शोकयात्रेचा मार्च मधल्या भागानंतर परत येतो तो एकदम दणक्यात, आणि मग हळूहळू विरत जातो. नोटेशनमध्ये असं नाही, पण व्हॉल्युमचा घोटाळाही नाही. मिरवणूक समोरून निघून जाते. पहिल्या भागाची पुनरावृत्ती मात्र तो गाळतो. 12 इंची तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत, त्यामुळे अशी काटछाट सर्रास चाले. आपल्याकडची नाट्यपदं तीन मिनिटांत आटोपायची, कारण तेच.

टेप येण्याआधी कापून जोडणं शक्यच नव्हतं. एक बाजू एका दमात वाजवायची, चूक झाली तर ती ठेवायची नाहीतर सगळी बाजू पुन्हा. होरोविट्झच्या 9 मे 1965च्या कार्नेगी हॉलच्या मैफलीचं उलट आहे. तेव्हा आलेल्या तबकडीत काही चुका दुरुस्त केल्या होत्या, 2003मध्ये मूळ रूप बाहेर आलं. शूमानच्या फँटसीचा दुसरा भाग दोन्हींत ऐका आणि फरक स्वतःच ठरवा.

नोटेशन समोर ठेवून ऐकणाऱ्यांनी आवृत्ती तपासावी. राखमानिनोवचा दुसरा सोनाटा 1913चा वेगळा, 1931चा छोटा केलेला वेगळा, आणि होरोविट्झ दोन्हींचं मिश्रण वाजवतो. शूमानच्या ओपस 13मध्ये (सिम्फॉनिक एट्यूड) मरणोत्तर छापलेली पाच व्हेरिएशन्स कुणी गाळतो, कुणी मध्येच घालतो. कोर्तो ती इतर एट्यूडच्या मध्ये विखरून टाकतो. पान सापडेना झालं तर आधी ट्रॅकची यादी बघा.