स्पंज पाण्यातली सिलिका किती घेतो, हे कसं मोजायचं: ठाणे-ऐरोलीतल्या प्रयोगशाळांसाठी

समुद्री स्पंज पाण्यातलं सिलिसिक आम्ल (म्हणजे विरघळलेली सिलिका) शोषतो आणि त्यापासून काचेसारख्या सुया घडवतो. पेशीत शिरायला या आम्लाला दोन वाटा आहेत: ॲक्वाग्लिसरोपोरिन या प्रथिनाच्या वाहिन्यांतून आपसूक आणि एआरएसबी या वाहक प्रथिनामार्फत ऊर्जा खर्चून. पुढे सिलिकेटीन हे विकर सुई घडवतं. १९९८ साली ते उजेडात आलं. चुनखडीच्या सुयांचे स्पंज या प्रयोगाला उपयोगाचे नाहीत. स्पंज ठाणे खाडीतून स्वतः उचलू नका. तिथल्या फ्लेमिंगो अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागतेच.

मोजायचा असतो तो पाण्यातला लहानसा फरक, म्हणून बाहेरून येणारी सिलिका आधी रोखा. काचेची बाटली, काचतंतूंचा गाळणकागद, काचेची पिपेट, सगळं बाजूला ठेवा. भांडी पॉलिप्रॉपिलीनची वापरा आणि गाळायला ०.४५ मायक्रॉनचा पॉलिकार्बोनेटचा पडदा. डीआयोनायझरचं (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचं) पाणीही तपासा: त्यातलं रेझिन थकू लागलं की सर्वांत आधी सिलिकाच सुटते, आणि वाहकतामापकाला ती कळतही नाही. नमुने ४ अंशांवर अंधारात ठेवा, गोठवू नका. गोठल्यावर सिलिकाचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि आकडा कमी येतो. खाडीचं पाणी घ्यायचं तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला घ्या. उधाणात चिखल फार ढवळतो.

सिलिका रंगावरून मोजायची, त्यासाठी दोन द्रावणं लागतात. मॉलिब्डेटसाठी ४ ग्रॅम अमोनियम मॉलिब्डेट ३०० मिली पाण्यात विरघळवा, १२ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, एकूण ५०० मिली करा. दुसरीकडे ५०० मिली पाण्यात ६ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट आणि मग १० ग्रॅम मेटॉल (क्षपण करणारं रसायन) विरघळवा. हे द्रावण महिन्याभरात बदला. त्यातलं १०० मिली, संपृक्त ऑक्झॅलिक आम्ल ६० मिली आणि ५० टक्के सल्फ्युरिक आम्ल ६० मिली (सावकाश, बर्फात) मिसळून एकूण ३०० मिली करा. हे झालं क्षपणक मिश्रण.

१० मिली मॉलिब्डेटमध्ये २५ मिली नमुना घाला. बरोबर १० मिनिटांनी १५ मिली क्षपणक मिश्रण ओता, ३ तास थांबा, ८१० नॅनोमीटरवर निळा रंग मोजा. ऑक्झॅलिक आम्ल फॉस्फेटचा रंग मोडतं. सांडपाणी मिसळणाऱ्या ठाणे खाडीत ते वगळून चालणारच नाही. प्रमाण द्रावणासाठी ०.९४० ग्रॅम सोडियम फ्लुओसिलिकेट १ लिटरमध्ये घ्या: ५ मिलिमोलर. त्यातलं २० मिली लिटरभर केलं की १०० मायक्रोमोलर. मीठ रंग फिका करतं, म्हणून प्रमाणं नमुन्याइतक्याच क्षारतेच्या कृत्रिम समुद्रपाण्यात बनवा. पावसाळ्यात खाडीची क्षारता उतरते, तेव्हा प्रमाणांवरून आधी काढलेला जुना आलेख वापरू नका. १०० मायक्रोमोलरच्या वरचे नमुने आधी पातळ करा.

आता स्पंज. तो हवेत काढू नका, पाण्याखालीच हलवा; नलिकांत अडकलेली हवा पाणी ओढणं बंद पाडते. गाळलेल्या ५ लिटर पाण्यात, अंधारात ठेवा. शेजारी तसंच बिनास्पंजाचं भांडं हवंच, कारण पाण्यात डायॅटम (सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं) उरले तर तेही सिलिका खातात. १०, २५, ५०, १०० आणि २०० मायक्रोमोलर अशा पायऱ्या घ्या. अभ्यासलेल्या कित्येक स्पंजांची गती १०० ते २०० च्या दरम्यान कमाल पातळी गाठते, तर खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर बहुधा १० देखील नसतात. नुसत्या तेवढ्यावर मोजलं तर स्पंजाची खरी क्षमता दिसतच नाही.

सिलिका वाढवायला सोडियम मेटासिलिकेटचं (९ रेणू पाण्याचं) १० मिलिमोलर द्रावण करा: लिटरला २.८४ ग्रॅम. ते अल्कलीच राहू द्या. त्या तीव्रतेला उदासीन केलंत तर सिलिका जेलसारखी साकळते. लिटरला ५ मिली घातलं की ५० मायक्रोमोलर वाढते. त्याआधी पाण्यात ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लिटरला १ मिली मिसळा, म्हणजे पीएच चढत नाही. नंतर थेंबथेंब, ढवळत घाला.

०, २४ आणि ४८ तासांनी नमुने घ्या. समजा, ४० मिली आकारमानाच्या स्पंजाजवळ २४ तासांत ६ मायक्रोमोलर घटले, बिनास्पंजाच्या भांड्यात १. निव्वळ ५ गुणिले ५ लिटर म्हणजे २५ मायक्रोमोल. भागिले ४० आणि २४, म्हणजे स्पंजाच्या मिलिलिटरमागे तासाला ०.०२६ मायक्रोमोल. बिनास्पंजाच्या भांड्यातली घट स्पंजाच्या घटीच्या निम्म्यावर गेली, तर ती फेरी रद्द करा आणि पाणी ०.२ मायक्रॉनमधून पुन्हा गाळा.