नोटीस ९० दिवसांची, मी सुटलो ३० दिवसांत

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीला होतो. चाकणची नोकरी लागली, पण तिथं महिन्याभरात हजर व्हायचं होतं आणि इथली नोटीस ९० दिवसांची. एचआरच्या साहेबांनी सरळ सांगितलं, "मधेच गेलास तर रिलीव्हिंग लेटर विसर." म्हणजे नोकरीतून रीतसर मुक्त केल्याचं पत्र. दोन रात्री झोप नाही. घरचे म्हणाले, जाऊ नको.

मग नेमणूकपत्र काढून नीट वाचलं. त्यात स्पष्ट होतं : नोटीस, किंवा तेवढ्या दिवसांचा मूळ पगार, म्हणजे भत्ते सोडून. हे वाक्य मी सही करताना वाचलंच नव्हतं.

राजीनामा तोंडी न देता ईमेलनं दिला, शेवटची तारीख लिहून. कमी पडणारे ६० दिवस. त्यातून शिल्लक २२ रजा वळत्या करा, अशी विनंती केली. ती मान्य झाली. उरले ३८. त्यांनी हिशोब एकूण पगारावर धरला होता. मी कलम दाखवलं. मूळ पगार १८,०००, म्हणजे दिवसाला ६००, भरले २२,८००. पैसे जड गेले, पण पावती आणि रिलीव्हिंग लेटर एकाच दिवशी हातात घेतलं.

पीएफमध्ये मात्र नोकरी सोडल्याची तारीख त्यांनी भरलीच नाही. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून ती तारीख मी स्वतः यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) पोर्टलवर आधारच्या ओटीपीनं भरली, आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वळवली.