पारलिंगी व्यक्तींचे समुपदेशन: ओळखीची परीक्षा न घेता आधार कसा द्यावा

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी एखादी पारलिंगी व्यक्ती (जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेली) समुपदेशकाकडे येते, तेव्हा ती बहुधा आधीच दोन-चार ठिकाणी जाऊन आलेली असते. कोणी लग्न झाले की सगळे सुरळीत होईल असे सांगितलेले असते, कोणी झोपेच्या गोळ्या देऊन बोळवण केलेली असते, तर कोणी घरच्यांसमोरच खासगी प्रश्न विचारून तिला लाजवलेले असते. म्हणून पहिल्या भेटीत ती आपल्या पदवीपेक्षा आपली प्रतिक्रिया निरखत असते. मराठीतून काम करणारे समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्यासाठी लिहिलेल्या या मार्गदर्शनाचा आग्रह एकच आहे: समोरच्या व्यक्तीची लिंगओळख खरी की खोटी हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या ओळखीसह जगताना जो त्रास वाट्याला येतो, तो कमी करणे हे आपले काम आहे.

ही भूमिका केवळ सहृदयतेतून आलेली नाही, तिला विज्ञानाचा आणि कायद्याचा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. त्यात लिंगभावाची विसंगती, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारे लिंग यांतील तफावत, मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार लिंग, लिंगभाव किंवा लैंगिक कल यांवरून भेदभाव न होता उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ‘उपचाराने’ ओळख बदलण्याचे प्रयत्न तर स्पष्टपणे निषिद्ध ठरले आहेत. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ मध्ये अशा प्रयत्नांना मनाई करण्याचे निर्देश दिले, आणि पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले. घरचे लोक ‘याला नीट करा’ अशी मागणी घेऊन आले, तर हा संदर्भ सौम्य पण ठाम शब्दांत त्यांच्यापुढे ठेवता येतो.

तयारीची सुरुवात केसपेपरपासून करावी. कागदोपत्री नाव आणि वापरातले नाव यांसाठी दोन वेगळ्या ओळी ठेवाव्यात. लिंगाच्या रकान्यात चौकटी आखून देण्याऐवजी मोकळी जागा सोडावी. प्रतीक्षाकक्षात कोणते नाव पुकारायचे आणि घरी फोन केल्यास कोणते नाव घ्यायचे, हे दोन्ही आधीच विचारून नोंदवून ठेवावे, कारण या दोन प्रश्नांची उत्तरे अनेकदा वेगळी असतात. नोंदणीच्या टेबलावरील कर्मचाऱ्यांनाही हे समजावून सांगावे. आतल्या खोलीतला तासभराचा आदर बाहेर मोठ्याने पुकारलेल्या एका नावाने वाया जाऊ शकतो.

मराठीत बोलताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते, ती म्हणजे क्रियापद. ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ अशा रूपांतून बोलणाऱ्याचा लिंगभाव अनेक वाक्यांत उघड होतो, त्यामुळे ज्याने घरी कोणालाच काही सांगितलेले नाही त्याला दिवसभर प्रत्येक वाक्य तोलून बोलावे लागते. हा थकवा आपल्या लक्षात आला आहे, एवढे म्हटले तरी अनेकांना मोकळे वाटते. समोरची व्यक्ती स्वतःसाठी कोणते रूप वापरते ते ऐकावे आणि तेच वापरावे. ते स्पष्ट नसेल, तर ‘तुमच्याबद्दल बोलताना मी कोणते रूप वापरू?’ असे सरळ विचारावे. तोपर्यंत ‘तुम्ही आलात’, ‘तुम्ही सांगितलंत’ अशा रचना वापरता येतात, कारण त्यांत लिंग उघड होत नाही. ‘तू आलास’ किंवा ‘तू आलीस’ म्हटले की निवड आपण परस्पर करून टाकतो. एखादी व्यक्ती एकाच सत्रात ‘गेलो’ आणि ‘गेले’ अशी दोन्ही रूपे वापरत असेल, तर ते गोंधळाचे लक्षण मानू नये. काहींची ओळख दोन्हींत किंवा दोन्हींबाहेर असते, तर काही जण आपल्याकडे पहिल्यांदाच नवे रूप उच्चारून पाहत असतात. आपल्याकडून चूक झाल्यास लगेच दुरुस्त करून पुढे जावे. लांबलचक माफी मागितली की आपले सांत्वन करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच येऊन पडते.

ओळखीसाठी कोणता शब्द वापरायचा, हेही त्यांच्याकडूनच घ्यावे. पारलिंगी, तृतीयपंथी, ट्रान्स पुरुष (जन्मावेळी स्त्री म्हणून नोंद झालेला पुरुष), जोगता, हिजडा या शब्दांमागची आयुष्ये वेगवेगळी आहेत. हिजडा समाजातील व्यक्ती तो शब्द अभिमानाने वापरत असली, तरी तिने सांगितल्याशिवाय आपण तो उच्चारू नये. पहिल्या भेटीत शरीराबद्दल आणि शस्त्रक्रियेबद्दल प्रश्न विचारण्याचा मोह टाळावा. झोप न लागण्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी झोपेबद्दलच विचारावे.

खरे काम यानंतर सुरू होते. सततची टिंगल, नाकारले जाण्याची भीती, लपवण्याचा ताण आणि लहानपणापासून ऐकलेली हेटाळणी स्वतःबद्दल खरी वाटू लागणे, या सगळ्याला मानसशास्त्रात अल्पसंख्याकांचा ताण म्हणतात. समजा, तालुक्याच्या गावी खासगी नोकरी करणारा तेवीस वर्षांचा एक ट्रान्स पुरुष आला आहे. त्याच्यासाठी घरात स्थळे पाहणे सुरू आहे, मासिक पाळीच्या दिवसांत तो कामावर जाऊ शकत नाही, आणि आपण आई-वडिलांना फसवत आहोत ही बोच त्याला जागे ठेवते. त्याचे निदान नैराश्य असेल आणि औषधांची गरज असेल, तर ती जरूर द्यावीत. मात्र ‘आधी नैराश्य बरे होऊ दे, मग लिंगभावाचे पाहू’ अशी अट घालू नये, कारण दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. त्याच वेळी त्याची प्रत्येक अडचण लिंगभावाशीच जोडणेही चूक आहे. वरिष्ठाशी झालेले भांडण हे साधे भांडण असू शकते.

अशा व्यक्तीसोबत एक कागद घेऊन बसावे आणि तिच्या रोजच्या जगाचा नकाशा काढावा: कोणाला माहीत आहे, कोणाला संशय आहे, कोणाला कळल्यास मारहाण होऊ शकते, कोणाच्या घरी एक रात्र राहता येईल. कोणाला, कधी आणि किती सांगायचे याचा निर्णय या नकाशावरून तिनेच घ्यायचा असतो. सांगून मोकळे होण्याचा सल्ला आपण शहरी उत्साहाने देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. पगार हातात नसताना घराबाहेर काढले जाण्याचा धोका खरा असेल, तर काही काळ न सांगणे हाही शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो. त्या काळात आधी बँक खाते, शिक्षणाची कागदपत्रे, विश्वासातली दोन माणसे आणि राहण्याची सोय यांची तयारी करून घ्यावी.

शरीराविषयीच्या त्रासाबद्दल व्यक्ती स्वतःहून बोलू लागली की व्यावहारिक माहिती द्यावी. छाती सपाट दिसावी म्हणून घट्ट बँडेज गुंडाळणे धोकादायक आहे, कारण त्याने श्वासावर आणि बरगड्यांवर ताण येतो. त्यासाठीच शिवलेली बनियने मिळतात, आणि तीही झोपताना काढावी लागतात. काही ट्रान्स स्त्रिया ओळखीतून ऐकून गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच्या मनाने घेतात, त्यातून रक्तात गुठळ्या होण्याचा धोका संभवतो. हे ऐकून रागावल्यास त्या पुढच्या वेळी सांगणार नाहीत. किती आणि केव्हापासून घेत आहेत हे शांतपणे विचारावे, आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाशी स्वतः बोलून वेळ ठरवून द्यावी.

आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रत्येक व्यक्तीला स्पष्ट शब्दांत विचारावे, कारण विचारल्याने धोका वाढत नाही. उत्तर होकारार्थी असल्यास साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झाला आहे का, घरात कोण आहे, हे समजून घ्यावे आणि सुरक्षेची लेखी योजना त्याच बैठकीत तयार करावी. त्या योजनेत टेलि मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा क्रमांक असावा. घरच्यांना बोलावण्याआधी मात्र थांबावे. इतर रुग्णांच्या बाबतीत कुटुंब हा पहिला आधार असतो, पण येथे धोका कुटुंबाकडूनच असू शकतो. म्हणून कोणाला कळवायचे आणि काय सांगायचे नाही, हे त्या व्यक्तीसोबतच ठरवावे. गोपनीयतेच्या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगून ठेवाव्यात, विशेषतः अठरा वर्षांखालील मुलांना, कारण लैंगिक अत्याचार उघड झाल्यास बालकांच्या संरक्षणासाठीच्या पॉक्सो कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे.

कुटुंब यायला तयार असेल, तर त्यांना स्वतंत्र वेळ द्यावा. आईच्या मनात बहुधा ‘माझे काय चुकले?’ आणि ‘लोक काय म्हणतील?’ असे दोन प्रश्न असतात. पहिल्याचे उत्तर स्पष्ट द्यावे की हे संगोपनातल्या चुकीने होत नाही. दुसऱ्या प्रश्नाला घाईने खोडून काढू नये, कारण गावात राहणाऱ्या कुटुंबासाठी ती भीती खरी असते. स्वीकार एकदम होत नसेल, तर निदान मारहाण नाही, कोंडून ठेवणे नाही, जबरदस्तीचे लग्न नाही, एवढ्यावर सहमती मिळवावी. देवऋषीकडे किंवा बाबाकडे नेऊन भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, हेही त्यांना सांगावे.

जी व्यक्ती हिजडा समाजाच्या गुरू-चेला परंपरेत राहते, तिच्यासाठी गुरूचे घर हेच घर असते. तेथे माया असते, तसेच पैशाचे देणे-घेणे आणि कधी हिंसाही असू शकते. ते घर सोडावे की नाही, याबद्दल आपले मत लादू नये. सौंदत्तीच्या यल्लम्माला वाहिलेल्या जोगत्याच्या बाबतीत श्रद्धा हाही आधार असतो, त्याला आजाराचे लक्षण समजू नये.

काही जण केवळ शस्त्रक्रियेसाठी लागणाऱ्या तज्ज्ञाच्या पत्रासाठी येतात. जगभर वापरल्या जाणाऱ्या उपचारमानकांच्या २०२२ च्या आठव्या आवृत्तीनुसार प्रौढ व्यक्तीच्या शस्त्रक्रियेसाठी एका सक्षम तज्ज्ञाचे मूल्यमापन पुरेसे मानले आहे, तरी आपल्याकडे काही शल्यचिकित्सक दोन पत्रे मागतात. पत्रात वापरातले नाव, लिंगओळख किती काळापासून आहे, उपचाराचे फायदे, धोके आणि अपत्यक्षमतेवरील परिणाम समजून संमती देण्याची क्षमता, आणि सोबतच्या आजारांची सद्यस्थिती एवढेच लिहावे. बालपणीच्या खेळण्यांचे किंवा लैंगिक संबंधांचे तपशील त्यात असण्याचे कारण नाही. ओळखपत्राची बाब वेगळी आहे. पारलिंगी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्याखाली २०२० मध्ये केलेल्या नियमांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र वैद्यकीय तपासणीविना, प्रतिज्ञापत्रावर देण्याची तरतूद होती. कायद्यात बदल होत असतात, म्हणून सल्ला देण्यापूर्वी सध्याची तरतूद जाणकार वकिलाकडून तपासून घ्यावी.

हे काम एकट्याने करू नये. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हचे क्वीअर-सकारात्मक (वेगळी लिंगओळख किंवा लैंगिक कल असलेल्यांना स्वीकारणाऱ्या) समुपदेशनाचे प्रशिक्षण घेता येते, आणि हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांतून समुदायातील अनुभवी माणसे भेटतात. समुदायातील व्यक्तीला प्रशिक्षणासाठी बोलावल्यास तिला मानधन द्यावे.

शस्त्रक्रिया ठरलेल्या व्यक्तीला पुढची भेट आधीच, शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली देऊन ठेवावी. भूल, वेदना, अंथरुणाला खिळणे आणि खर्चाचा ताण यांमुळे त्या दिवसांत उदास वाटू शकते. त्याचा अर्थ निर्णय चुकला असा होत नाही, हे तिला आणि तिची काळजी घेणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. प्रवास शक्य नसेल, तर ती भेट फोनवर घ्यावी.